चिकटवलेली टाळी

खर्डीच्या आसपास कुठेही हळद असो, साखरपुडा असो की निवडणुकीची सभा, लाऊडस्पीकर बाळारामचाच लागायचा. आणि बाळारामचा लाऊडस्पीकर लागला की सगळ्यात आधी एक इंग्रज रडायचा.

त्याचं असं होतं. ‘भीमज्योत साऊंड सर्व्हिस’चा मालक, वायरमन, ड्रायव्हर आणि हमाल हे सगळे मिळून एकटा बाळाराम. बाकीचे साऊंडवाले बॉक्स लावून झाले की माइक तोंडाशी धरून “हॅलो, हॅलो, चेक, चेक” करायचे. बाळारामच्या ते डोक्यात जायचं. “माणसाच्या हॅलोत काय असतंय? ना खाली खर्ज, ना वर टीप. बॉक्सची तब्येत बघाची तर त्याला डोंगर चढवला पायजे!” असं म्हणून तो पिशवीतून रॉकची कॅसेट काढायचा. मग अख्ख्या पाड्यावर गिटार ट्यँव ट्यँव विव्हळायची, ड्रम जिन्यावरून पातेली घरंगळावीत तसे कोसळायचे आणि कुणीतरी गोरा माणूस जिवाच्या आकांतानं काहीतरी मागायचा. काय मागतोय ते कुणालाच कळायचं नाही, बाळारामलाही नाही. पण लोकांना सवय झाली होती. टेकडीवरच्या पाड्यातल्या सकुबाईला कार्याचं बोलावणं असलं की ती नवं लुगडं नेसून उंबऱ्यावर बसायची आणि सुनांना विचारायची, “बाळूचा इंग्रज रडला काय गो? नाय? मंग बसा. अजून टाइम हाय.”

ह्या इंग्रजाची नि बाळारामची गाठ पडली इगतपुरीला. तिथल्या रेल्वे क्वार्टरात हेन्रीसाहेब नावाचे अँग्लो-इंडियन गार्ड राहायचे. नोकरी संपवून ते पोरांकडे ऑस्ट्रेलियाला निघाले, तेव्हा बाळाराम त्यांचा अ‍ॅम्प्लिफायर विकत घ्यायला गेला. साहेबांनी अ‍ॅम्प्लिफायरबरोबर कॅसेटींची खोकीही पुढे सरकवली. एकावर लिहिलेलं साठ, दुसऱ्यावर सत्तर, तिसऱ्यावर ऐंशी. “ले जाव, मॅन. लेकिन सुननेका, हां? फेकनेका नहीं!” बाळारामनं शब्द पाळला. सगळ्या ऐकल्या, पुन्हा ऐकल्या, पुढच्या सालांच्या स्वतः धुंडाळून आणल्या, आणि लहान पोराला दात फुटावेत तशी त्याला मतं फुटली.

इंग्रजी नावं वाचायचा त्याला कंटाळा. त्यानं बँडांची बारशी स्वतःच केली, कव्हरावरचं चित्र बघून. कवटीवाले, शिडीवाले, धुकेवाले, चौकडीचे शर्टवाले. ऐकणारा सापडला की त्याला खुर्चीवर बसवून तो दशकादशकानं समाचार घ्यायचा.

“साठची माणसं कशी, भांग पाडून, बटणं लावून गायला बसलेली. गाणं चहाच्या कपाएवढं. आलं, आवडलं, संपलं. मंग त्यांचे केस वाढले नि गिटारीत करंट शिरला. त्यात माझे तीनजणे! तीन माणसं, तीन कामं. एक गिटार, एक बास, एक ड्रम. मधे लुडबुड कराला चौथा नाय. सत्तरला काय झालं, लोकांकडं पैसा आला नि टाइम पण आला. तिथं घात झाला. गाणी लांबली. ते धुकेवाले बघ, एका बाजूला एकच गाणं, नि त्यात अर्धा टाइम नुसता वारा. मला वाटलं मशीन बंद पडली. फ्यूज काढला, परत बसवला, तरी वारा! ऐंशीला सगळ्यांनी ड्रम विहिरीत टाकला नि वरून दगड मारत बसले. नव्वदची ती चौकडीच्या शर्टवाली पोरं, आंघोळ करत नसतील, पण रडतात खरं. नि आता ह्ये नवीन. एक बोलतो, दुसरा ओरडतो, तिसरा मधेच काहीतरी खरवडतो. ही आपली ग्रामसभा झाली. ह्याला बँड कोण बोलंल?”

ऐंशीतल्या कवटीवाल्यांना मात्र त्यानं माफ केलं होतं. म्हशाच्या जत्रेत बैलबाजाराच्या लाऊडस्पीकरचं काम मिळालं, तेव्हा चेकिंगला त्यानं कवटीवाले लावले आणि बैल दावी तोडून उधळले. जत्रा कमिटीनं त्याला हात जोडले की बाबा, पुढच्या वर्षी येऊ नकोस. बाळारामनं ते प्रमाणपत्र समजून घेतलं. “बैल खोटं बोलत नाय,” तो छाती काढून सांगायचा. “ज्याला बैल घाबरला तोच खरा मेटल.”

पण त्याचा खरा अभिमान होता टाळीचा. स्टेजवरून थेट रेकॉर्ड केलेल्या अल्बममध्ये गाण्याच्या शेवटी टाळ्या येतात ना, त्या खऱ्या की कंपनीनं मागाहून चिकटवलेल्या, हे आपल्याला कानानं कळतं असा त्याचा दावा होता. “खरी टाळी भाताच्या आधणासारखी. कडेनं बुडबुडे चालू होतात नि मंग मधे येतात. चिकटवलेली टाळी म्हंजे पत्र्यावर खडी ओतली. एकदम खर्रर्र! मला कोण फसवाचा नाय.”

ह्यात कुणाचं काही बिघडत नव्हतं. बिघडलं ते मनालीचं.

मनाली बाळारामची एकुलती एक. तिला बघायला पहिला मुलगा वासिंदहून आला, तो छातीवर कवटी छापलेला टीशर्ट घालून. बाळाराम हरखला. “कुठल्या सालातले आवडतात?”

“कोण?” मुलानं विचारलं.

“छातीवर बसवलेत ते.”

“ही डिझाइन हाय, काका. उल्हासनगरची.”

बाळारामनं पोह्यांची बशी खाली ठेवली. “आपल्या छातीवर कोण बसलंय ते ज्याला ठावं नाय, त्याच्या घरात माझी पोरगी काय बघून देऊ?” पाहुण्यांनी चहा तसाच टाकला. दुसऱ्या स्थळाच्या मामांनी नुसतं एवढंच म्हटलं की इंग्रजी गाणी म्हणजे गोंगाट. त्यांना बाळारामनं साठपासून समजवायला घेतलं. सत्तरच्या वाऱ्यापर्यंत ते कसेबसे बसले, आणि ऐंशी सुरू व्हायच्या आत गाडी गाठायला पळाले.

म्हणून तिसऱ्या वेळी मनालीनं सगळं आपल्या हातात घेतलं. हा मुलगा तिनं स्वतः पसंत केला होता. मुरबाडचा महेंद्र, तिथल्याच कारखान्यात कामाला. शहापूरच्या कॉम्प्युटर क्लासात दोघं एका कॉम्प्युटरवर बसायचे. तिनं त्याला आपल्या बाबांबद्दल घाबरत घाबरत सांगितलं, तर त्याचाच चेहरा उतरला.

“तुझे पण?” तो म्हणाला.

महेंद्रचे वडील भिवाजी मुंबईत एका कॉलेजच्या होस्टेलात आचारी होते. पोरांच्या खोल्यांतून दिवसरात्र रॉक वाजायचं, तेच ऐकत त्यांनी जन्मभर डाळ घोटली. दर वर्षी सुटून जाणारी पोरं कॅसेटी त्यांना देऊन जायची. रिटायर होऊन मुरबाडला परतले ते भांडी कमी आणि कॅसेटी जास्त घेऊन. आणि मतं? मतं तर विचारूच नका.

दोन्ही पोरांनी ठरवलं, साखरपुडा होईतो ह्या दोघांना समोरासमोर आणायचंच नाही. बघण्याच्या दिवशी भिवाजींना ताप होता, तो महेंद्रनं उतरू दिला नाही, नुसतं “झोपून राहा” करत बसला. मुरबाडचं घर बघायला जायचा दिवस मनालीनं असा काढला की बाळाराम हळदीच्या कामात अडकलेला. गेली ती आई, वंदना. तिला मुलगा पटला, घर पटलं. भिवाजी त्या दिवशी शेतावर होते.

साखरपुड्याच्या आदल्या दिवशी वंदनानं सगळ्या कॅसेटी उचलल्या आणि भाताच्या कणगीत खोल पुरल्या. मग नवऱ्यासमोर उभी राहिली.

“उद्या चेकिंग नाय. इंग्रज रडला तर मी रडंन. नि कोण काय पण विचारंल, तुमी एकच शब्द बोलाचा. छान.”

“नि छान नसंल तर?”

“छान.”

“अगदीच भिकार असंल...”

“छान! मनालीचे बाबा, पोरीनं स्वतः बघितलेला मुलगा हाय. ह्ये मोडलं ना, तर ती तुमच्या बॉक्सची वायर कापंल, नि कात्री मी देईन.”

बाळाराम अंगणात फिरत “छान” घोकत राहिला. कडू गोळी जिभेवर विरघळायच्या आत गिळावी तसा तो शब्द गिळत होता. “छान. छ्छान. छान हाय.” मनालीनं खिडकीतून ऐकलं आणि म्हणाली, “बाबा, जरा हसून बोला. मयताला आल्यासारखं वाटतंय.”

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात मांडव, टेबलावर बुद्धांची मूर्ती, बाबासाहेबांचा फोटो, मेणबत्त्या. पाड्यावरच्या बायकांचा अजून पत्ता नव्हता. मुरबाडची पहिली जीप आली, त्यातून महेंद्र, भिवाजी आणि आणखी पाहुणे उतरले. दुसरी जीप किन्हवलीला पंक्चर होऊन बसलेली, आणि तिच्यात महेंद्रची आत्या चिमाबाई. अंगठ्या तिच्या कमरेच्या बटव्यात, कारण तिचा कुणावरच विश्वास नव्हता.

बौद्धाचार्यांना उंबरमाळीला एक लग्न गाठायचं होतं. ते घड्याळ बघत म्हणाले, “वंदना, पंचशील घेऊन टाकू. अंगठ्या आल्या की घालू, नि मी सुटलो.”

सगळे हात जोडून उभे राहिले. माइक बाळारामच्याच समोर होता आणि सवयीनं त्यानं त्यात थोडा इको सोडलेला. चौथं शील आलं, खोटं बोलण्यापासून दूर राहण्याचं. “मुसावादा वेरमणी...” बाळारामनं असं काही भरदार आवाजात म्हटलं की ते इकोसकट स्टेशनपर्यंत गेलं असावं. वंदनाला फार बरं वाटलं. पुढे काय वाढून ठेवलंय हे तिला कुठं माहीत!

पंचशील झालं, अंगठ्या नव्हत्या. लोक बसले. भिवाजी मात्र बसले नाहीत. ते मशीनभोवती घुटमळू लागले. बाळाराम बघत राहिला. हा माणूस अ‍ॅम्प्लिफायरकडे बघताना मान तिरकी करतो. अशी मान तो रोज आरशात बघायचा.

“व्याही, मशीन भारी हाय. जुना माल ना?”

“इगतपुरीचा,” बाळाराम म्हणाला. एवढं खरं होतं.

भिवाजींचा हात सफारीच्या खिशात गेला. “बाबा!” महेंद्र पुटपुटला. “अरे गप रे, नुसतं दाखवतोय,” म्हणत त्यांनी कॅसेट काढून व्याह्यांच्या हातात ठेवली. “तुमच्यासाठी आणली. साखरपुड्याची भेट. होस्टेलच्या पोरांची कसम, दुनियेत एक नंबर अल्बम. लावा.”

बाळारामनं कव्हर बघितलं. धुकं. नुसतं धुकं.

त्यानं कॅसेट लावली. वारा सुटला. भिवाजींनी डोळे मिटले आणि डाळीत ओगराळं हलवावं तसा हात हवेत हलवायला लागले. वाऱ्यानंतर लांब कुठंतरी एक घंटा वाजली, मग परत वारा.

“कसं वाटतंय, व्याही?”

मांडवाच्या त्या टोकाला वंदनाचे ओठ हलले. छा-न. आवाज नाही, पण बाळारामला खणखणीत ऐकू आलं. त्यानं तोंड उघडलं. शब्द जिभेवर आला आणि तिथंच चौथं शील बसलेलं होतं, अजून गरम.

“कॅसेट... चांगली ठेवलीय तुमी,” तो म्हणाला. “बुरशी नाय.”

“ते सोडा. गाणं?”

“वाजतंय.”

“वाजतंय ते मला पण कळतंय! कसं वाजतंय?”

“दोनी बॉक्समधून.”

घाम पुसायचं निमित्त करून बाळाराम आचार्यांपाशी सरकला. “आचार्य, एक शंका. पाहुण्याला बरं वाटावं म्हणून नुसतं छान बोललं, तर तो मुसावाद काय?”

“मनात छान नसेल तर खोटंच ते.”

“आजच्या दिवस सूट?”

“बाळाराम, शील घेऊन अजून मेणबत्ती अर्धी जळली नाय! गप्प बसा. गप्प बसायला बंदी नाय.”

पण गप्प बसणं बाळारामच्या बॉक्सलाही जमलं नव्हतं, त्याला काय जमणार? भिवाजी समोर येऊन उभे राहिले. “व्याही, मी सरळ माणूस. सरळ विचारतो. हा अल्बम दुनियेत एक नंबर हाय की नाय?”

मनालीनं महेंद्रकडे बघितलं. महेंद्रनं जमिनीकडे बघितलं. वंदनानं हातातला तांब्या खाली ठेवला.

“नाय,” बाळाराम म्हणाला. आणि एकदा झाकण उडालं म्हटल्यावर सगळंच उतू गेलं. “एक नंबर सोडा, ह्यो अल्बमच नाय. ही एसटीची वाट बघणं हाय! आता येल, मंग येल, आली आली बोलाचं नि ती भलतीकडं वळणार. ड्रमवाला झोपलाय. गिटारवाला चप्पल शोधतोय. नि वारा! वारा ऐकाचा तर मी माळशेजला जाऊन फुकट ऐकंन!”

बॉक्समधून वारा तेवढा चालू होता.

भिवाजींचा चेहरा आधी पांढरा झाला, मग तांबडा. “चला,” ते म्हणाले. “जीपची चावी कुठं हाय?” आणि ताडताड निघाले. मुरबाडचे पाहुणे गडबडून उठले, कुणी चपला शोधू लागला. मनालीच्या डोळ्यांत पाणी आलं. “बाबा, तुमी ना...” एवढंच ती बोलली. बाळाराम भिवाजींच्या मागे धावणार, तेवढ्यात भिवाजी स्वतःच परत आले. खांद्यावर भलीमोठी पिशवी, आतून खडखड आवाज.

“बसा रे सगळे!” ते पाहुण्यांवर खेकसले. “कोण उठाला सांगितलं? चावी मी पिशवी काढाला मागितली.” मग बाळारामकडे वळले. “मी हा अल्बम होस्टेलच्या किती बॅचना ऐकवला. एक पोरगा पण ‘नाय’ बोलला नाय. ‘काका, क्लास! काका, टॉप!’ का? तर जास्तीचं आमलेट पायजे! जन्मभर मला वाटायचं, एक माणूस तोंडावर ‘नाय’ बोलंल तर त्याला असा धुवून काढीन, असा धुवून काढीन! आज गावलात. बसा खाली. तुमची आवड काय ती काढा.”

“माझी कणगीत पुरलीय,” बाळाराम म्हणाला.

वंदना काही म्हणायच्या आत दोघे व्याही घरात घुसले आणि कोपरापर्यंत हात भातात खुपसून उकरायला लागले. अंगभर तूस घेऊन बाहेर आले. तीनजणे लागले. गिटार ट्यँव करून किंचाळली, ड्रम कोसळले, इंग्रज रडला.

भिवाजींनी कान दिला. “पातळ,” ते म्हणाले.

“काय?”

“पातळ! तीन माणसांत कुठं पंगत उठते? भाजीला माणूस नाय, वाढाला माणूस नाय. पाणी घालून डाळ वाढवलेली हाय ही. तुमी नावं ठेवलीत ना, त्या वाऱ्यात मी भात चढवायचो. ड्रम आला की भात शिजलेला. त्याला म्हणतात अल्बम!”

“पातळ? माझे तीनजणे पातळ?”

दोघं मशीनला चिकटले. इकडून कवटीवाले, तिकडून शिडीवाले. साठची उणीदुणी, सत्तरची वकिली, ऐंशीची विहीर. मांडवाकडे दोघांची पाठ. चिमाबाईची जीप केव्हा आली, तिनं बटवा केव्हा सोडला, आचार्यांनी दोघांना किती हाका मारल्या, काही काही त्यांना ऐकू आलं नाही. शेवटी वंदना आचार्यांना म्हणाली, “उरका तुमी. दोघं जागेवर हायत नि भांडतायत, म्हंजे सोयरीक पक्की समजा.”

भिवाजींनी तेव्हा थेट स्टेजवरचा एक अल्बम लावला होता. “आता ऐका. गाणं संपतंय. आता पब्लिक येडी होणार.” गाणं संपलं. आणि टाळ्या वाजल्या.

बाळारामनं डोळे मिटून ऐकलं आणि नाक मुरडलं. “चिकटवलेली,” तो म्हणाला. “पत्र्यावर खडी. कडेनं चालूच झाली नाय. कोणतरी सांगितलं वाजवा नि ह्यांनी वाजवली. मला फसवता काय?”

“व्याही,” भिवाजी दबक्या आवाजात म्हणाले, “कॅसेट तर गाण्यावरच संपलीय.”

दोघांनी सावकाश मागं वळून बघितलं. मांडवातल्या लोकांचे हात अजून टाळीतच जुळलेले होते. मनालीच्या बोटात अंगठी होती.

“झाला पण?” बाळारामचा आवाज एकदम बारीक झाला. एकुलत्या एक पोरीचा साखरपुडा, आणि त्यानं तिच्याकडे पाठ करून टाळीला नावं ठेवली होती. “मनाली... मी बघितलाच नाय गो.”

“मी पण नाय,” भिवाजी म्हणाले. “परत करा. वन्स मोअर!”

आचार्यांनी एक चप्पल घातली होती. “साखरपुड्याला वन्स मोअर नसतो!”

मनालीनं मात्र अंगठी काढली आणि महेंद्रच्या हातात ठेवली. “घाल रे परत. नायतर हे दोघं जन्मभर एकमेकांवर ढकलतील.”

तेवढ्यात अंगणाच्या कडेला पाड्यावरच्या बायका येऊन ठेपल्या. सकुबाई पुढे, धापा टाकत. “काय रे बाळू, किती उशिरा रडवलास इंग्रज! आमी केवढ्याच्या तयार होऊन बसलोय.” समोर अंगठी चढताना दिसली आणि तिनं तिथूनच टाळी वाजवली. तिच्या सुनांनी वाजवली. मग कडेच्या खुर्च्यांनी, मग मधल्या लोकांनी. हसत हसत, कमीजास्त होत टाळी मांडवभर चढत गेली.

“खरी!” बाळारामनं छातीवर हात ठेवला. “व्याही, ऐका, ऐका, कडेनं आली. ही खरी!” आणि डोळे गच्च मिटून तो ऐकत राहिला.

“अवो, डोळे उघडा!” वंदना मांडवाच्या त्या टोकावरून ओरडली. “परत चुकवलात ना!”